‘बलुतं’मधील कावाखाना : स्मरण आणि अंतर

नगरातील जुन्या वस्तीत गेलेल्या बालपणाच्या आठवणी मराठीत बहुधा स्मरणरंजनाच्या अंगाने येतात. हरवलेल्या वाड्याचे वा आळीचे दुःख काळाच्या अंतराने मधुर होते. दया पवार (१९३५–१९९६) यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनातील, मुंबईच्या नागपाडा भागातला कावाखाना या संकेतात बसत नाही. एकेका खोलीत दाटलेले पोटभाडेकरू, रस्त्यावरच्या चिंध्या व कागद वेचून विकणाऱ्या स्त्रिया, गोदीत राबणारा बाप हे त्या बालविश्वाचे घटक होत. तथापि केवळ सामाजिक दस्तऐवज म्हणून त्यांचे वाचन करणे अपुरे ठरेल. कारण त्या मुलाचे कुतूहल लेखकाने पुसून टाकलेले नाही.

या कथनाचे मर्म त्याच्या रचनेत आहे. येथे दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. एकाच व्यक्तीचे हे दोन अंश शिक्षणाने व नोकरीने परस्परांपासून दुरावलेले आहेत. त्यामुळे अंतर येथे आठवणीला मधुर करीत नाही. ते स्वतःच परीक्षेचा विषय बनते. वस्ती सोडून गेलेल्याचा तिच्या आठवणींवर हक्क कोणता, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. स्मरणरंजनाचीच कसोटी लावणाऱ्या समीक्षेला त्याची दखल घेता येणार नाही.