वेगळा आड : ‘गणेश’ नावाच्या शेतकऱ्याची चिकित्सा

२८ डिसेंबर २०१५ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त फेसबुकचे संस्थापक मार्क झुकेरबर्ग यांचा एक लेख प्रसिद्ध झाला होता. त्या लेखात महाराष्ट्रातला एक शेतकरी आहे. त्याचे नाव गणेश. त्याला आडनाव नाही, गाव नाही, तालुका नाही. कंपनीच्या ‘फ्री बेसिक्स’ या फुकट सेवेवर तो पावसाचा अंदाज पाहतो, बाजारभाव पाहतो, त्याला माल बऱ्या भावाने विकता येतो आणि आता तो नव्या पिकांत व जनावरांत पैसा घालतो आहे. गणेशने आपली शेती नीट केली तर इंटरनेटचे काय बिघडणार आहे, असा प्रश्न लेखक करतो.

दहा वर्षांपूर्वीचा हा लेख आज उकरून काढण्याचे कारण पुढे येईलच. प्रथम मला या पात्राविषयी बोलायचे आहे. ज्याने मराठीतले सहानुभूतीचे वाङ्मय वाचले आहे त्याला हा गणेश ओळखीचा वाटल्याशिवाय राहणार नाही. तो गरीब आहे, कष्टाळू आहे, कृतज्ञ आहे आणि मुका आहे. संपूर्ण लेखात तो स्वतः एक वाक्यही बोलत नाही. त्याच्या वतीने दुसराच बोलतो. दलित साहित्याने जो पहिला नकार दिला तो याच पात्राला दिला. आमचे दुःख आम्ही सांगू, तुमच्या करुणेचा विषय म्हणून आम्ही उभे राहणार नाही, ही भूमिका बाबुराव बागूलांच्या पिढीने घेतली. बागूल तर आमच्या नाशिकचे, विहितगावचे. मराठी कथेतून ज्या पात्राला निरोप दिला गेला, ते अमेरिकेतील भांडवलदाराच्या लेखातून परत यावे याचे मला नवल वाटले नाही. दात्याला असा घेणारा लागतोच.

गणेशचे आडनाव गाळले आहे म्हणून तो जातिविहीन होत नाही. निफाड तालुक्यातल्या कोणत्याही गावात नवखा माणूस दिसला तर ‘कोणाचा रे तू?’ हा पहिला प्रश्न असतो आणि त्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सगळे ठरते. गणेशला शेती आहे की तो दुसऱ्याच्या कांदाचाळीत रोजाने जातो? तो जर रोजाने जात असेल तर लासलगावचा भाव कळून त्याला काय मिळणार? मजुरीचा भाव कोणत्याही फोनवर लागत नाही. तो मुकादम सांगतो. आणि तो जमीनधारक असला तरी भाव माहीत असणे आणि भाव मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांदा निर्यात बंद केली तेव्हा ती बातमी चाळीतल्या शेवटच्या माणसाच्या फोनवर तासाभरात पोचली असेल. त्या बातमीने कांद्याचे दर वाचले नाहीत. माहिती म्हणजे मुक्ती, हे समीकरण ज्यांच्याजवळ बाकी सर्व काही आहे त्यांना सुचते. मी माहितीला कमी लेखत नाही, पण लेखातला गणेश ज्या सहजतेने माहितीकडून समृद्धीकडे जातो ती सहजता या जिल्ह्यातल्या शेतीत नाही.

आता मूळ प्रश्न. नेट न्यूट्रॅलिटी हा शब्द टिम वू या अमेरिकन कायदेपंडिताने २००३ च्या सुमारास रूढ केला. त्याचा अर्थ सोपा आहे : ज्याच्या तारेवरून वा लहरीवरून मजकूर जातो त्याने त्या मजकुरात भेद करू नये, एकाला फुकट, दुसऱ्याला महाग, तिसऱ्याला मंद, चौथ्याला बंद, असे करू नये. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या संभाषणासाठी निराळा दर जाहीर केला आणि ओरड होताच तो मागे घेतला. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने आपली फुकट सेवा भारतात आणली. ज्या राज्यांत ती प्रथम आली त्यांत महाराष्ट्र होता. सेवेत सुरुवातीस तीन डझनांच्या आसपास ठिकाणे होती. त्यांत कोण बसेल याच्या अटी फेसबुकच्या आणि येणारा-जाणारा फेसबुकच्या दारातून. या यादीत ‘महाराष्ट्र टाइम्स’ही होता, एप्रिल २०१५ मध्ये त्या समूहाने तो बाहेर काढण्याचे जाहीर केले. यादीबाहेरच्या दुव्यावर बोट ठेवले की पैसे लागत. म्हणजे फेसबुक फुकट, पण शासनाने छापलेले बाबासाहेबांचे खंड जिथे विनामूल्य ठेवलेले आहेत तिथपर्यंत जायला पैसे.

यावर कुणी म्हणेल, की नाहीपेक्षा काही तरी बरे. तहानलेल्याला निदान घोटभर पाणी. हा युक्तिवाद आपण पूर्वी ऐकलेला आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न इंग्रजी वृत्तपत्रांनी मांडला त्याहून अधिक आपला आहे असे मला वाटते.

नाशिककराला अशा वेळी काळाराम मंदिर आठवणे साहजिक आहे. २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, चारही दारांवर माणसे बसली, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालवला. पण येथे मला मंदिराची उपमा नको आहे. मंदिरावाचून माणसाचे अडत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी जी घोषणा केली तिने त्या दाराचे महत्त्वच संपवले. इंटरनेटवाचून मात्र आज शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येत नाही, परीक्षेचा निकाल पाहता येत नाही, रेशनचे काम होत नाही. तेव्हा उपमा घ्यायची ती महाडच्या पाण्याची. १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले, आणि तरीही १९२७ चा मार्च उजाडेपर्यंत तेथे अस्पृश्याचा हात लागला नाही. बाबासाहेबांनी डिसेंबरच्या परिषदेत स्पष्ट केले होते, की हे पाणी न प्यायल्याने आम्ही मरणार नाही. इतरांप्रमाणे आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी आम्ही तळ्यावर जात आहोत. प्रश्न केवळ पाण्याचा असता तर त्याला सोपे उत्तर होते : वेगळा आड. असे आड खणणारे उदारही निघाले. पुढे हरिजन सेवक संघाने ठिकठिकाणी आड-विहिरी खणून दिल्या. त्यांच्या हेतूविषयी मी शंका घेत नाही. पण महारवाड्यात वेगळा आड झाला, की गावच्या विहिरीचा प्रश्न मिटल्याचे गावाला समाधान मिळे आणि त्या आडाला उन्हाळ्यात पाणी आहे की नाही हे पाहायला कोणी येत नसे.

फ्री बेसिक्स हा असा आड होता. खोली दुसऱ्याने ठरवलेली, पोहरा दुसऱ्याचा, आणि पाणी भरणाऱ्याने दात्याचे नाव घेत जायचे.

माझा आजा निफाडकडच्या एका खेड्यात येसकर होता. येसकरीची पाळी असली म्हणजे पाटलाची चिठ्ठी घेऊन तो निघे. कुणाच्या मरणाचा सांगावा घेऊन दहा दहा कोस चाले. चिठ्ठी त्याच्या हातात कुणी देत नसे, जमिनीवर टाकत आणि तो उचले. तिच्यात काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नव्हते आणि विचारण्याची त्याला मुभा नव्हती. वाहकाने मजकुरात डोकावू नये, मजकूर पाहून पाऊल मंद वा जलद टाकू नये, हा दंडक गावाने आमच्यावर पिढ्यान् पिढ्या लादला. १९५८ चा कनिष्ठ वतने रद्द करण्याचा कायदा होईपर्यंत तो चालला. आज ज्या कंपन्या आमचा मजकूर वाहतात त्यांना तोच दंडक सांगितला तर त्यांना तो व्यापारस्वातंत्र्यावरील आघात वाटतो. आज्याला तर त्या वाहण्याचे मोलही मिळत नव्हते; यांना ते दरमहा आगाऊ मिळते.

वाहक आणि प्रकाशक यांत मात्र भेद केला पाहिजे, नाही तर घोटाळा होतो. १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’ निघाला तेव्हा ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही, ही गोष्ट आपण नेहमी सांगतो. तो अन्याय होता यात शंका नाही. परंतु ‘केसरी’ हे प्रकाशन होते, काय छापावे हे ठरवण्याचा त्याचा अधिकार आपण मानतो, कारण तोच अधिकार ‘मूकनायका’लाही हवा होता. टपाल खात्याला तो अधिकार नव्हता. टपालाचा दर वजनावर ठरे, संपादकाच्या जातीवर नव्हे. टपालखात्याने ‘केसरी’ फुकट आणि ‘मूकनायक’ दामदुपटीने असा नियम केला असता तर त्या पाक्षिकाचा दुसरा अंक निघता ना. आपल्या चळवळीचे प्रत्येक नियतकालिक, हे त्रैमासिकसुद्धा, या एका गोष्टीवर जगले आहे. वामनदादा कर्डकांची गाणी वह्यांतून आणि जलशांतून गावोगाव गेली. आता ती फोनवरून जातात. गाणे पोचवायला मोठ्या संगीत कंपनीपेक्षा जास्त पैसा लागत नाही, एवढ्या एका आधारावर वस्तीतला पोरगा आज आपला कार्यक्रम जगापुढे ठेवतो.

फेसबुक वा यूट्यूब यांनी स्वतः कोणाचा मजकूर वर आणावा आणि कोणाचा दडपावा, याला मात्र नेट न्यूट्रॅलिटीचा नियम लागू होत नाही. वाट समान असली तरी वाटेवरचे दुकान समान नसते. तो लढा निराळा आहे आणि तो अजून सुरूही झालेला नाही.

२०१५ च्या आंदोलनाविषयी मला दोन्ही बाजूंनी बोलले पाहिजे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २७ मार्च २०१५ रोजी जी पुस्तिका काढली ती ११८ पानांची होती, इंग्रजीत, वीस प्रश्नांची. तिला दहा लाखांहून अधिक लोकांनी पत्रे पाठवली. ही पत्रे पाठवणारा वर्ग मुख्यतः शहरी, इंग्रजी जाणणारा, संगणकावर बसणारा होता असे मला वाटते. आपल्या नियतकालिकांतून त्या वर्षी या विषयावर आलेला एकही लेख माझ्या वाचनात नाही. मीही लिहिला नाही. हा श्रीमंतांच्या पोरांचा सिनेमा मंद चालण्याचा प्रश्न आहे, असे मी एका विद्यार्थ्याला तेव्हा सांगितल्याचे मला आठवते, आणि ते चूक होते. ज्यांना आपण प्रस्थापित म्हणतो त्यांनी आपल्या स्वार्थासाठी का होईना जी वाट राखली, तिच्यावरून आज आपण चालतो.

दुसऱ्या बाजूने फेसबुकने जे केले ते अधिक बोधप्रद आहे. ‘ट्राय’ने डिसेंबर २०१५ मध्ये भिन्न दरांविषयी मते मागवली तेव्हा कंपनीने आपल्या लाखो सभासदांसमोर तयार मजकुराचे पत्र ठेवले, सभासदाने फक्त एक कळ दाबायची. विचारलेले प्रश्न वेगळे आणि या पत्रातले उत्तर वेगळे. जानेवारी २०१६ मध्ये ‘ट्राय’नेच कंपनीला कळवले, की विचारविनिमयाचे हे रूपांतर घडवून आणलेल्या जनमत-चाचणीत होत आहे. मला यात सावकाराच्या वहीवरचा अंगठा दिसतो. मजकूर सावकाराचा, अंगठा आमचा. लेखातला गणेश आणि हे पत्र एकाच वृत्तीतून लिहिले गेले आहेत, म्हणून एकाची चिकित्सा दुसऱ्यावाचून पुरी होत नाही.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘ट्राय’ने मजकूर पाहून वेगळा दर लावण्यास मनाई केली; भंग केल्यास दिवसाला पन्नास हजार, कमाल पन्नास लाख रुपये दंड. तीनच दिवसांनी फ्री बेसिक्स भारतातून गेले. त्याच सुमारास फेसबुकच्या संचालक मंडळावरील मार्क अँड्रीसन यांनी वसाहतवादाला विरोध केल्यानेच भारताचे आर्थिक नुकसान झाले अशा अर्थाचे विधान केले, आणि नंतर ते मागे घेऊन माफी मागितली. दात्याचा राग ओठांवर आला तो असा. जुलै २०१८ मध्ये केंद्राने समान वागणुकीचे व्यापक तत्त्वही मान्य केले.

गणेशचे पुढे काय झाले? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि संपूर्ण इंटरनेटच इतके स्वस्त झाले की फुकटच्या आडाची गरज उरली नाही. ज्या रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या जिवावर आड खणला होता तिची मोबाइल सेवा २०१७ अखेर बंद पडली. परंतु त्या स्वस्ताईत बऱ्याच कंपन्या बुडाल्या, बाजार मुख्यतः दोन मोठ्या घराण्यांच्या हाती गेला, आणि जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. माझ्या वर्गातल्या मुली तेव्हापासून दोघींत एक रिचार्ज करतात.

आता हे सारे पुन्हा काढण्याचे कारण. अमेरिकेत हा नियम २०१५ मध्ये झाला, डिसेंबर २०१७ मध्ये गेला, एप्रिल २०२४ मध्ये परत आला आणि २ जानेवारी २०२५ रोजी तेथील अपील न्यायालयाने तो रद्द केला. आपल्याकडे दूरसंचार कंपन्यांची मागणी अशी आहे, की ज्यांचा मजकूर आमच्या जाळ्यावर फार भार टाकतो त्या मोठ्या कंपन्यांनी आम्हाला वाटा द्यावा. ऐकायला हे समतेचे वाटते. श्रीमंताने श्रीमंताला द्यायचे, आपले काय जाते? पण ज्याने दिले त्याच्या मजकुराला आणि ज्याने दिले नाही त्याच्या मजकुराला वाहक सारखेच वागवील, असे मानायला मी तयार नाही. दक्षिण कोरियात असा वाटा द्यावा लागतो. तेथील खर्च परवडत नाही म्हणून ट्विच ही मोठी कंपनी फेब्रुवारी २०२४ मध्ये तो देश सोडून गेली. अमेझॉनच्या मालकीच्या कंपनीला जे परवडले नाही ते वस्तीतल्या गायकाला कसे परवडणार? आणि २०१६ चा नियम हा संसदेचा कायदा नाही. ज्या प्राधिकरणाने तो केला ते तो बदलू शकते.

जुलै २०२३ मध्ये ‘ट्राय’ने या विषयाच्या अंगाने पुन्हा एक पुस्तिका काढली होती. पुढची केव्हा निघेल सांगता येत नाही, पण निघाल्यावर उत्तरासाठी काही आठवडेच मिळतात. नाशिकरोडच्या आमच्या अभ्यास मंडळाने ठरवले आहे, की तिच्यातले प्रश्न मराठीत उतरवायचे आणि उत्तरे ज्याची त्याने लिहायची, तयार मजकूर कोणालाही द्यायचा नाही. गेल्या रविवारी सरावादाखल २०१५ चे वीस प्रश्न काढले होते. तीन तासांत सहा झाले.