पुनर्वापराचा निकष : अवकाशविमाने, व्यापारी अवकाशउड्डाण आणि विदर्भातील एक अनुभव

प्रस्तावना

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळत्या तुकड्यांची रांग सरकताना अनेकांनी पाहिली. काहींनी तो उल्कापात मानला. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे मात्र सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे आढळले. परिसरात धातूचे गोळेही सापडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या ‘लाँग मार्च ३बी’ या चिनी प्रक्षेपकाच्या वरच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असे मत अभ्यासकांनी मांडले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. अशा अनियंत्रित पतनाचे ठिकाण आधी नेमके सांगता येत नाही. ते कडे वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) येथील कपाशीच्या शेतात पडणेही अशक्य नव्हते.

पुनर्वापरयोग्य अवकाशयानांचे मूल्यमापन सामान्यतः प्रक्षेपणाच्या खर्चावरून केले जाते. हा निकष पुरेसा आहे काय, याची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे.

स्पेस शटल : पुनर्वापर म्हणजे काटकसर नव्हे

जवळजवळ दर आठवड्याला एक उड्डाण, अशी अपेक्षा स्पेस शटलच्या आखणीच्या काळात व्यक्त झाली होती. प्रत्यक्षात १९८१ ते २०११ या तीस वर्षांत १३५ उड्डाणे झाली. प्रत्येक उड्डाणानंतर हजारो उष्णतारोधक फरशांची तपासणी करावी लागे आणि इंधनाची मोठी बाह्य टाकी दर वेळी नष्ट होई. १९८६ मधील ‘चॅलेंजर’ आणि २००३ मधील ‘कोलंबिया’ या दुर्घटनांत चौदा अंतराळवीर मृत्युमुखी पडले. कल्पना चावला त्यांपैकी एक. यान पुन्हा वापरता येते एवढ्यावरून ते स्वस्त वा सुरक्षित ठरत नाही, हा या प्रयोगाचा धडा होय.

व्यापारी उड्डाण : अर्धा पुनर्वापर

२००४ मध्ये ‘स्पेसशिपवन’ या खासगी अवकाशविमानाने शंभर किलोमीटरची उंची ओलांडली. ते कक्षेत गेले नसल्याने परतीच्या तीव्र उष्णतेचा प्रश्न त्याच्यापुढे आलाच नाही. खरा बदल ‘फाल्कन ९’ने घडविला. त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०१५ मध्ये जमिनीवर सुखरूप उतरला आणि मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडाला.

परंतु परत येतो तो पहिला टप्पाच. त्यात नऊ इंजिने असतात, म्हणजे किंमत अधिक; शिवाय तो कक्षेचा वेग गाठत नसल्याने त्याचे परतणे तुलनेने सोपे. वरच्या टप्प्यात एकच इंजिन असते. त्याला परत आणायचे तर उष्णतारोधक कवच आणि जादा इंधन हवे, आणि तेवढा माल कमी न्यावा लागतो. व्यापारी हिशेबात हे बसत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलंडमध्ये याच प्रक्षेपकाच्या वरच्या टप्प्याचे अवशेष पडले. लाडबोरीला पडलेले अवशेषही वरच्या टप्प्याचेच मानले गेले. नफ्यासाठी जे परत आणले जाते आणि लोकांच्या डोक्यावर जे पडू शकते, ते भाग भिन्न आहेत.

भारतीय प्रयत्न

२३ मे २०१६ रोजी इस्रोच्या पंखयुक्त यानाने सुमारे ६५ किलोमीटर उंची गाठून बंगालच्या उपसागरात अवतरण केले. २ एप्रिल २०२३ रोजी, लाडबोरीच्या घटनेला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, कर्नाटकातील चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरमधून सोडलेले यान स्वतःहून धावपट्टीवर उतरले. मार्च २०२४ च्या चाचणीतील यानाचा पंखयुक्त सांगाडा आणि उड्डाणयंत्रणा जूनच्या चाचणीत कोणताही बदल न करता वापरण्यात आल्या. या चाचण्या कक्षेतून परतण्याच्या नाहीत, याचे भान ठेवले पाहिजे. तथापि, कक्षेत गेलेला भाग धावपट्टीवर आणण्याची दिशा त्यांतून सूचित होते, आणि हेच त्यांचे महत्त्व आहे.

दायित्वाचा प्रश्न

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार पृथ्वीवर झालेल्या हानीची भरपाई प्रक्षेपक राष्ट्राने, दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता, द्यावयाची असते. १९७८ मध्ये ‘कॉसमॉस ९५४’ कॅनडात कोसळल्यानंतर सोव्हिएत संघाने तीस लाख कॅनेडियन डॉलर दिले. या करारान्वये दावा राष्ट्राने राजनैतिक मार्गाने करावयाचा असतो. ज्याचे शेत जळाले तो शेतकरी स्वतः दावेदार होऊ शकत नाही. खासगी कंपनीच्या प्रक्षेपणाचे दायित्वही आंतरराष्ट्रीय पातळीवर राष्ट्राकडेच येते. भारताने २०२० मध्ये हे क्षेत्र खासगी उद्योगांना खुले केले आणि २०२३ मध्ये अवकाश धोरण जाहीर केले. २०१७ मध्ये मसुदा प्रसिद्ध झालेला कायदा मात्र तोवर संमत झालेला नव्हता. लाभ खासगी आणि जोखीम सार्वजनिक, अशी ही विषम विभागणी आहे.

समारोप

वस्तूचे मूल्य केवळ पैशात मोजता येत नाही, असे वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे कार्य केलेल्या जे. सी. कुमारप्पा यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’मध्ये प्रतिपादन केले होते. अवकाशविमानांच्या मूल्यमापनालाही ही दृष्टी आवश्यक आहे. यानाचा कोणता भाग परत येतो, उरलेला कोठे व कोणाच्या नियंत्रणाखाली पडतो आणि त्याचे उत्तर कोण देतो, हे तीन प्रश्न खर्चाच्या आकड्याइतकेच मूलभूत होत. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत ‘पुनर्वापरयोग्य’ हे विशेषण अपुरेच राहील.