‘त्याच्यानंतर आई’: एका कलमाचे वाचन

साहित्याची समीक्षा करणारे आपण लोक कायद्याचा मजकूर वकिलांवर सोपवून मोकळे होतो. कविता आपली, कलम त्यांचे, अशी ही वाटणी आहे. मला ती मान्य नाही. कलमही भाषेतच लिहिलेले असते आणि त्यातल्या एका शब्दावर एखाद्या बाईचे अर्धे आयुष्य टांगलेले राहते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या सहाव्या कलमात असा एक शब्द आहे. अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक कोण? बाप, आणि त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, अशी पुस्ती खाली जोडली आहे. म्हणजे अंगावर पाजायचे, दुपटी धुवायचे, रात्र रात्र जागायचे वय आईचे. सहीचा अधिकार मात्र बापाचा. त्याच कलमात अनौरस मुलाची पालक आधी आई आहे, मग बाप. लग्न केल्याने आईचा हक्क वाढत नाही, तो एक पायरी खाली येतो, हे या कलमाने किती निर्विकारपणे सांगून टाकले आहे!

हा कायदा २५ ऑगस्ट १९५६ रोजी अमलात आला. पन्नासाव्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, नागपूरला धम्मदीक्षा झाली. आपण धर्म सोडला. पण या कायद्यापुरते बौद्ध हे ‘हिंदू’ या शब्दातच मोजले जातात. तेव्हा हे कलम दुसऱ्या कुणाच्या घरचे म्हणून आपल्याला बाजूला सारता येणार नाही. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले आणि नंतर त्या बिलाचे चार तुकडे करून १९५५–५६ मध्ये कायदे झाले. घटस्फोट हे परकीय खूळ आहे असे म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी सुनावले होते, की बहुसंख्य शूद्र जातींत तो रूढीने चालतच आलेला आहे. काडीमोड आणि पाट आपल्या आज्यांना ठाऊक होते. पण या रूढीचे गोडवे गाताना जपून गावेत. बाईला मोकळीक होती. मूल मात्र बापाच्या घराण्याचे, हे तिथेही गृहीतच असे.

१९९९ मध्ये गीता हरिहरन या लेखिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ हा शब्द नव्याने वाचला. मुलाच्या नावे रोखे घ्यायला आईची सही चालेना, एवढ्यावरून हा वाद उभा राहिला होता. न्यायालय म्हणाले, ‘त्याच्यानंतर’ म्हणजे बापाच्या मृत्यूनंतर असे नव्हे. बाप मुलाच्या सांभाळात नसेल, तर त्याच्या गैरहजेरीतही आई पालक ठरते. समीक्षक म्हणून मला हे वाचन कुशल वाटते, आणि अपुरेही. शब्दाचा अर्थ सैल केला, वाक्य तसेच ठेवले. गैरहजेरी सिद्ध करण्याचे ओझे आईवरच राहिले. विधी आयोगाने १९८९ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये हे कलम बदला म्हणून सांगितले. वाक्य जागचे हललेले नाही.

आता आपल्या साहित्याकडे येतो. दलित कवितेत आई किती आली! मोळी वाहणारी, शेण गोळा करणारी, लेकराला शाळेत ढकलणारी. ‘आयदान’ (२००३) या ऊर्मिला पवारांच्या आत्मकथनाचे नावच आईच्या बांबूकामावरून आले आहे. पण तिथे वडील लवकर वारलेले आहेत. आपल्या लेखनातली एकटी आई ही बहुधा विधवा असते. म्हणजे सहाव्या कलमाच्या अगदी जुन्या, अक्षरशः अर्थाने ‘त्याच्यानंतरची’ आई. बाप जिवंत आहे, दोन स्टेशनांपलीकडे दुसरा संसार थाटून बसला आहे, आणि ही पोरांना वाढवते आहे, ती बाई आपल्या कवितेत कुठे आहे? मल्लिका अमर शेख यांनी ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) मध्ये चळवळीतल्या नेत्याबरोबरच्या संसाराबद्दल लिहिले, तेव्हाच्या पुस्तकावर मी जी काही चर्चा ऐकली ती नेत्याविषयी होती. चळवळीच्या घरातल्या कायद्याविषयी कुणी बोलत नव्हते.

मी शिकवतो ते कॉलेज अंधेरीत आहे. इथल्या वस्त्यांत नवरा-बायकोचे मोडले, की पहिला कागद बनतो तो नोटरीपुढची सोडचिठ्ठी. रूढी न्यायालयात सिद्ध केल्याशिवाय तिला घटस्फोटाचे बळ नाही, हे बाईला कुणी सांगत नाही. ‘मूल आईकडे राहील, बाप खर्च देणार नाही’ असे एक वाक्य त्यात हमखास असते. मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे, तो आईला सोडून देता येत नाही. तरी वाक्य छापले जाते आणि ती अंगठा किंवा सही करते. पुढे घरगुती हिंसाचाराचा अर्ज अंधेरीच्या दंडाधिकाऱ्यांकडे, घटस्फोट आणि ताबा वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात. धुणीभांडी करणाऱ्या बाईला प्रत्येक तारीख म्हणजे एक खाडा. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोघांनीही मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे असे ठरवले, हे चांगलेच झाले. पण रोजंदारीवरच्या माणसाची मिळकत कोणत्या कागदावर सापडणार?

आणि ताबा मिळाला तरी तो ताबाच. ताबा म्हणजे मूल जवळ असणे. पालकत्व म्हणजे त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार. हा फरक आमच्या विद्यार्थ्यांना कायद्याच्या वर्गात कळत नाही, जातपडताळणीच्या खिडकीवर कळतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश हवा, तर वैधता प्रमाणपत्र हवे. त्यासाठी वंशावळ बापाकडची, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आजोबा-पणजोबांचा, नातलगाची वैधता असली तर तीही पितृकुळातली. आई त्याच जातीची, तिच्याकडे तिचे प्रमाणपत्र. पण ते पुढे सरकत नाही. सासरचे दार बंद झालेल्या बाईने चुलत सासऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला आणायचा कुठून? एक विद्यार्थिनी मला म्हणाली, “सर, बाप मेला असता तर मृत्यूचा दाखला तरी जोडला असता.”

रमेशभाई नाइका प्रकरणात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की आंतरजातीय विवाहातल्या मुलाची जात बापाचीच हे गृहीतक अंतिम नाही; मूल कुणात वाढले, काय सोसले, हे पाहिले पाहिजे. आंतरजातीय घरासाठी हे तत्त्व आहे, मग एकाच जातीतल्या विभक्त घरासाठी का नसावे? ‘घरातली भांडणे घरात, आधी जातीचा प्रश्न’ असे म्हणणारे कार्यकर्ते मला भेटतात. त्यांनी हा अर्ज एकदा स्वतः भरून पाहावा. जातीचा प्रश्न त्या घरातल्या भांडणातूनच खिडकीवर येतो. आपल्या संघटना शिष्यवृत्तीसाठी मोर्चे काढतात. वंशावळीच्या रकान्यात मातृकुळ घ्या, ही मागणी मी एकाही मोर्चाच्या फलकावर पाहिलेली नाही.

महाराष्ट्र सरकारने मुलाच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लावण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये घेतला. तो १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना लागू आहे. ती मुले कॉलेजात येतील २०४२ च्या सुमारास. माझ्या यंदाच्या प्रथम वर्षाच्या वर्गातली मुले त्याआधी जन्मलेली आहेत.