टाइमप्लीज नसलेला खेळ

'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. आजचा विषय त्याच जातीचा आहे: अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्याच्या जुनाट दाहाचे दोन आजार, आणि ते रोज सांभाळायला मदत करणारी मोबाईलवरची अ‍ॅप्स. त्यातही खेळासारखी बांधलेली. रोज नोंद केली की गुण, सलग आठवडाभर केली की बिल्ला, एक दिवस चुकला की साखळी तुटली. किती वेळा शौचाला गेलो, रक्त पडलं का, हे माणूस घरच्यांना सांगत नाही, पण फोनला सांगतो. कारण फोन जावई नाही. हा या अ‍ॅप्सचा पहिला गुण, आणि तो आम्ही मान्य करतो.

हे पाचगणीत बोलायला कारण आहे. हे गाव दीर्घ आजारानं घडवलेलं आहे. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली इथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर सॅनेटोरियम सुरू केलं. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा उपचार म्हणजे हवा, विश्रांती, आहार आणि नोंद. रोजचा ताप, वजन लिहून ठेवायचं. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांची लक्षणं आपल्याकडे आजही इतकी सारखी दिसतात, की डॉक्टरांनाही निदान करताना कस लागतो. म्हणजे रोज नोंद ठेवणं ही अ‍ॅपवाल्यांची नवी कल्पना नव्हे. फरक एकच: सॅनेटोरियममधला तक्ता कुणीतरी वाचत असे. फोनमधला कोण वाचतं?

आता खेळ कुठे उपयोगी पडतो ते पाहू. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दाह शांत असतानाही मेसालामाइनसारखी औषधं चालू ठेवावी लागतात. बरं वाटलं की गोळी सुटते, हा सर्वांचा अनुभव. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गोळ्या नीट न घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका पाचपटींहून अधिक दिसला. अशा शांत काळात गुणांच्या आमिषानं गोळी पोटात जात असेल, तर आमची तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. हा आजार सगळी पथ्यं पाळूनही उसळतो. तेव्हा दिवसातून दहा-बारा वेळा शौचालय गाठावं लागतं, अंगात त्राण नसतं, आणि नेमकी तेव्हाच नोंद राहते, साखळी तुटते. आजाराची उसळी पडद्यावर रुग्णाचा निष्काळजीपणा म्हणून दिसते. त्याहून वाईट म्हणजे जिथे 'चांगल्या दिवसा'ला गुण मिळतात, तिथे माणूस आठच्या जागी चार लिहायला शिकतो. तोच आकडा डॉक्टरांसमोर गेला तर औषध बदलायला उशीर होतो. इथे खेळ गमतीचा राहत नाही.

आपली पोरं अंगणात खेळतात तेव्हा धाप लागली की 'टाइमप्लीज' म्हणतात. लहानग्याला 'कच्चा लिंबू' म्हणून घेतात; तो खेळतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. अंगणातल्या पोरांना जे कळतं, ते खेळ बांधणाऱ्या अभियंत्यांना का कळू नये? दाह उसळल्याची नोंद झाली की गुण, बिल्ले, साखळ्या आपोआप थांबल्या पाहिजेत, आणि अ‍ॅपनं एकच प्रश्न विचारावा: डॉक्टरांना कळवू का?

कारण जे खरोखर उपयोगी ठरलं, त्यात समोर माणूस होता. नेदरलँड्समध्ये मायआयबीडीकोच नावाच्या प्रणालीची ९०९ रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. ती २०१७ साली लॅन्सेटमध्ये छापून आली. बाह्यरुग्ण विभागातल्या फेऱ्या वर्षाला सरासरी २.३४ वरून १.५५ वर आल्या, म्हणजे नेहमीची तपासणी असलेल्या गटाच्या तुलनेत. रुग्णालयात दाखल होणंही निम्म्यावर आलं. तिथे मर्यादेबाहेरची नोंद परिचारिकेपर्यंत पोचत होती. आपल्याकडेही क्षयाच्या '९९ डॉट्स' योजनेत गोळी काढल्यावर पाकिटावर दिसणाऱ्या नंबरला मिस्ड कॉल द्यायचा असे, आणि तो आला नाही तर आरोग्य कर्मचाऱ्याला कळत असे. ती योजना निर्दोष नव्हती, पण पलीकडे कुणीतरी होतं.

शिवाय हे खेळ आपल्या जगण्याला ओळखत नाहीत. परदेशी बनावटीच्या यादीत स्ट्रॉबेरी चटकन सापडते. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी रुग्णानं कुठे टिपायची? पसरणी घाटात एसटीत बसलेल्याच्या पोटात कळ आली, तर त्याला बिल्ला नको असतो. वाईत किंवा पाचगणीत स्टँडजवळ स्वच्छ शौचालय कुठे आहे, एवढंच हवं असतं.

तेव्हा मंडळी, असं अ‍ॅप घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. माझी नोंद कोण वाचणार? मी आजारी पडलो की हा खेळ थांबणार का? आणि माझ्या पोटाची ही खासगी माहिती आणखी कुणाकडे जाणार? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर दोनशे पानी वही आणि दर भेटीला ती उघडून बघणारा डॉक्टर, हीच जोडी आम्हाला अधिक भरवशाची वाटते. आता तुमचे प्रश्न घेऊ.