माहूरची बत्तीस पाने

मराठीत सर्वांत जास्त खपणारा आणि सर्वांत कमी परीक्षण झालेला साहित्यप्रकार म्हणजे देवस्थानाच्या पायऱ्यांशी मिळणारी माहात्म्यपुस्तिका. चांगल्या कादंबरीची आवृत्ती संपायला आपल्याकडे दहा वर्षे लागतात; ही एका नवरात्रात संपते. तरी समीक्षक तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. म्हणून हे काम लातूरच्या एका किरकोळ वाचकाने अंगावर घेतले आहे.

परीक्षणासाठी घेतली आहे माहूरची पुस्तिका. पाने बत्तीस. मुखपृष्ठावर रेणुकामाता, मागे सहस्रकुंडाचा धबधबा. फोटो भर पावसाळ्यातला. तो पाहून मे महिन्यात गेलेल्या माणसाला पैनगंगेत खडकच जास्त दिसतात आणि आपण चुकीच्या नदीवर आलो की काय, असे वाटू लागते.

अर्ध्याहून अधिक पाने आरत्यांना दिली आहेत. तक्रार नाही, आरत्या शुद्ध छापल्या आहेत. पण समोरच्याच टेकडीवरच्या रामगडाला सहा ओळी! त्यातही 'प्राचीन' दोनदा आणि 'प्रेक्षणीय' तीनदा. विक्रेत्यालाच विचारले, तर तो म्हणाला, "काका, किल्ल्यात काय हाय? देवी इकडं हाय."

काय हाय? अहो, बापाविरुद्ध बंड करून हरलेला शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, 1623 साली याच वाटेने दक्षिणेत पळाला. आणि रायबागन इथलीच. माहूरच्या राजे उदारामांच्या घराण्यातली, स्वतः फौज घेऊन निघणारी बाई. फेब्रुवारी 1661 मध्ये शायिस्तेखानाने कारतलबखानाला कोकणात उतरायला पाठवले, तेव्हा ही बरोबर होती. उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी खानाला असे कोंडले, की पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. शरण जा, हा सल्ला तिनेच दिला, असे परमानंदांच्या शिवभारतात आहे. खानाने ऐकले आणि खंडणी भरून फौज जिवानिशी परतली. साहेब चुकीच्या रस्त्याने निघाले असताना बरोबर सल्ला देणारे माणूस इतिहासात किती सापडते? पण बाई पडली मोगलांच्या बाजूची. त्यामुळे तिला कुठे बसवावे हे ना पाठ्यपुस्तकाला कळले, ना पुस्तिकेला. आमच्या उदगीरला निदान 1760 ची लढाई मराठ्यांनी जिंकल्याचा आधार आहे. रायबागनला माहूरच्या सहा ओळींतली एकही मिळालेली नाही. माझा मुख्य आक्षेप हाच.

जंगलाविषयी एकच वाक्य : 'परिसर निसर्गरम्य आहे.' सागाची झाडे, रोही, अस्वले, बिबट्या, शेजारी पसरलेले पैनगंगा अभयारण्य, हे सगळे त्या एका 'रम्य' शब्दात कोंबले आहे. अस्वल समोर आल्यावर वाचकाने पुस्तिकेचे कोणते पान उघडावे?

तंबू ठोकून राहण्याचा विचार तर लेखकाच्या मनाला शिवलेलाच नाही. अभयारण्यात त्यासाठी वनखात्याची परवानगी लागते, एवढे तरी लिहायचे! वास्तविक या विषयाला माहूरइतका थोर आधार दुसऱ्या कुठल्या गावाला नाही. परंपरेप्रमाणे दत्तगुरू स्नानाला काशीला, भिक्षेला कोल्हापूरला आणि झोपायला माहूरला येतात. सगळा भारत फिरणाऱ्याने रात्रीसाठी हे रान निवडले, ते काही गादीसाठी नव्हे.

आमची पुस्तिका मात्र मुक्कामाच्या पानावर एकदम बहरते. खोल्या, गाद्या, चादरी वेगळ्या, गरम पाणी पहाटे पाच ते सात. एकही विशेषण नाही. बत्तीस पानांतले सर्वांत चांगले गद्य ते आहे, आणि पाणीही बरोबर सातला बंद झाले.