'कासव' : नैराश्याचा स्वीकार कोणी करायचा?

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर या दिग्दर्शकद्वयीच्या 'कासव' या चित्रपटाला 64व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले (2017). 'देवराई'त (2004) स्किझोफ्रेनिया हाताळणाऱ्या या दिग्दर्शकांनी येथे नैराश्यासह जगायचे कसे, हा प्रश्न केंद्रस्थानी आणला आहे.

आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला, आजारी, अनोळखी तरुण (आलोक राजवाडे) जानकीला (इरावती हर्षे) भेटतो व ती त्याला घरी आणते. तो आपली ओळख सांगत नाही. जानकीही खोदून विचारत नाही. हे न विचारणे हाच चित्रपटाचा गाभा होय. नैराश्यग्रस्ताने परिस्थिती स्वीकारावी, हा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. येथे मात्र स्वीकाराची सुरुवात भोवतालच्या माणसांकडून होते. जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली असल्याने तिच्या संयमात दयेपेक्षा ओळख अधिक आहे. चित्रपट तयार झाला तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम 309 नुसार गुन्हा होता, हेही विसरता येत नाही. अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरणारा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये संमत झाला.

शीर्षकातील प्रतीकाचा अर्थ सहसा अंग आत ओढून घेणारा जीव असा लावला जातो. परंतु कोकण किनाऱ्यावर अंडी घालणारे ऑलिव्ह रिडले हे सागरी कासव असून त्याला मान व पाय कवचात घेता येत नाहीत. ते उघडेच असते. त्यामुळे हे प्रतीक कासवापेक्षा संवर्धनाच्या रीतीत अधिक नेमके सापडते. घरट्याभोवती कुंपण घालून अंडी राखली जातात. पिल्ले बाहेर आली की त्यांना वाळूवर सोडतात आणि समुद्रापर्यंतचे अंतर ती स्वतः चालून जातात. जानकीचे वागणे नेमके असेच आहे.

तथापि या स्वीकारामागे समुद्राकाठचे घर, मोटार, मदतीला माणसे आणि मुबलक सवड आहे. चित्रपट या सोयींची पुरेशी दखल घेत नाही. कर्जतलगतच्या भिसेगावसारख्या ठिकाणी, लोकलने मुंबई गाठणाऱ्या कुटुंबात, खोलीत गप्प बसून राहणाऱ्या मुलाला काहीही न विचारता सांभाळणे ही वेगळीच कसोटी ठरते. कर्जतजवळच वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचविण्याच्या या कार्याबद्दल डॉ. वाटवानी यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या रुग्णांचे आजार बहुधा निराळे असले तरी प्रश्न तोच आहे. जानकीला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. परतलेल्या रुग्णाला दार उघडणाऱ्या घराला मात्र भावकी, शेजार आणि महिन्याच्या औषधांचा खर्च यांच्याशी झुंजावे लागते. 'कासव' त्या दारापर्यंत जात नाही.