तीनही वाचने सारखीच कशी?

कनिष्ठ महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांच्या वह्या एकापाठोपाठ एक चाळल्या, की एक गोष्ट हटकून नजरेस येते. अनुमापनाच्या तक्त्यात ब्युरेटची तीन वाचने असतात आणि ती तिन्ही सारखी असतात : ९.८, ९.८, ९.८. शेवटच्या रकान्यात ‘स्थिर वाचन ९.८ मिलि’. पुढच्या वहीत तेच, त्यापुढच्या वहीतही तेच. खाली लॉग टेबल वापरून केलेले गणित असते आणि उत्तर असते : द्रावणाची तीव्रता ३.२२४५ ग्रॅम प्रतिलिटर. त्याखाली शिक्षकांची सही आणि तारीख.

आमच्या मते या एका पानात दोन दोष आहेत आणि ते परस्परविरुद्ध दिशांचे आहेत. वरच्या तक्त्यात उपकरण जेवढे सांगत होते त्यापेक्षा कमी लिहिले आहे. खालच्या उत्तरात मात्र उपकरणाने जे सांगितलेच नाही तेही लिहिले आहे. सही दोन्हींवर झालेली असते, म्हणून याचा विचार विद्यार्थ्यांच्या आधी आपण शिक्षकांनी करायला हवा.

ब्युरेट काय सांगते?

नेहमीच्या ५० मिलि ब्युरेटवर ०.१ मिलिच्या अंतराने खुणा असतात. दोन खुणांमधला अर्धा भाग कोणत्याही विद्यार्थ्याला नजरेने ओळखता येतो. थोड्या सरावाने त्याहून बारीक अंदाजही करता येतो. म्हणजे वाचन निदान ०.०५ मिलिपर्यंत लिहिता यायला हवे. ब्युरेटच्या तोंडातून पडणारा एक थेंबही साधारण तेवढाच, ०.०५ मिलिचा असतो. शेवटी थेंबाथेंबाने द्रावण सोडणाऱ्या विद्यार्थ्याला ९.७५, ९.८० आणि ९.८५ अशी वाचने मिळाली, तर त्याने काम उत्तम केले असे म्हटले पाहिजे.

वाचन एकाच दशांश स्थळापर्यंत लिहायचे ठरवले, तर काळजीपूर्वक काम करणाऱ्याची तिन्ही वाचने सारखी येऊ शकतात, हे आम्हाला मान्य आहे. पण साऱ्या वर्गाची, दर आठवड्याला, प्रत्येक प्रयोगात? इथे ‘स्थिर वाचन’ हा शब्दच घात करतो. वाचन स्थिर यायलाच हवे, नाहीतर प्रयोग चुकला, अशी समजूत तो करून देतो. मग हुशार विद्यार्थी एकदा अनुमापन करतो आणि उरलेली दोन वाचने पहिल्यावरून लिहून काढतो. प्रामाणिक विद्यार्थी ९.७ आणि ९.९ लिहून आणतो व ‘जुळत नाही, पुन्हा कर’ असे ऐकून परत जातो. पुढच्या वेळी तोही जुळवून आणतो.

उत्तर काय सांगते?

आता खालचे गणित पाहू. १० मिलि ऑक्झॅलिक आम्ल (०.०५ मोलर) घेऊन त्याचे पोटॅशियम परमँगनेटशी अनुमापन केले. ऑक्झॅलिक आम्लाच्या ५ मोलना परमँगनेटचे २ मोल लागतात. तेव्हा ९.८ मिलि वाचनावरून परमँगनेटची मोलरता ०.२ भागिले ९.८, म्हणजे ०.०२०४ येते. तिला १५८ या रेणुभाराने गुणले, आणि मधल्या पायरीत सगळे अंक ठेवले, की ३.२२४५ मिळते.

ब्युरेटची सुरुवातीची व शेवटची अशी दोन्ही वाचने एका दशांश स्थळापर्यंत घेतली, तर प्रत्येकात ०.०५ मिलिपर्यंत आणि त्यांच्या वजाबाकीत ०.१ मिलिपर्यंत फरक पडू शकतो. तेव्हा ९.८ च्या जागी ९.७ घालून पाहावे : उत्तर ३.२५७७ येते. ९.९ घातल्यास ३.१९१९ येते. दुसऱ्याच दशांश स्थळावरचा अंक तीनने इकडेतिकडे हलतो आहे. मग तिसऱ्या-चौथ्या स्थळावरच्या ‘४५’ ला काय अर्थ उरला? ते अंक लॉग टेबलाने दिले, प्रयोगाने नव्हे. प्रयोगाचे खरे उत्तर ‘३.२२, अधिक-उणे ०.०३’ एवढेच आहे.

गंमत अशी, की ‘०.००२५० मध्ये सार्थक अंक किती?’ या लेखी परीक्षेतल्या प्रश्नाला हाच विद्यार्थी ‘तीन’ असे बिनचूक उत्तर देतो. सार्थक अंक हा त्याच्या लेखी पहिल्या धड्यातला एक नियम आहे. प्रयोगशाळेतल्या वहीशी त्याचा संबंध कोणी लावून दिलेला नसतो.

सर्वांचे जुळते, तरीही चुकते

वाचनांची एकमेकांशी जुळणी आणि वाचनाची खऱ्या किमतीशी जुळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला काटेकोरपणा म्हणू, दुसरीला अचूकता. सारा भर पहिलीवर दिल्याने दुसरी नजरेआड होते, आणि ती बहुधा वर्ग सुरू होण्याआधीच हातून निसटलेली असते.

०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्लाचे १०० मिलि द्रावण करायला स्फटिकरूप आम्ल ०.६३ ग्रॅम लागते. दोन दशांश स्थळे दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक तराजूवर ते तोलले, तर शेवटच्या अंकातील एकाचा फरक म्हणजे जवळजवळ १.६ टक्के. ‘ब’ वर्गाच्या १० मिलि पिपेटमध्ये मान्य असलेली तफावत ०.०४ मिलि, म्हणजे ०.४ टक्के, असते. तिच्या चौपट फरक एकट्या वजनात होऊ शकतो. जुन्या दोन पारड्यांच्या रासायनिक तराजूवर मिलिग्रॅमपर्यंत तोलता येत असे. नव्या तराजूने वेळ वाचवला, पण दोन स्थळांचा तराजू या कामापुरता जुन्याहून जाडाभरडा आहे. आणि द्रावणाची बाटली साऱ्या वर्गाला एकच असल्यामुळे सगळ्यांची उत्तरे एकाच दिशेने सरकतात. वाचने छान जुळतात, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. एकदम ५०० मिलि द्रावण करावे. आम्ल ३.१५ ग्रॅम लागेल आणि तोच ०.०१ ग्रॅमचा फरक ०.३ टक्क्यांवर येईल. हे गणित विद्यार्थ्यांकडूनच करवून घेतले, तर ‘टक्केवारीतील त्रुटी’ कशाशी खातात ते त्यांना कायमचे कळेल.

न जुळलेल्या आकड्यांची किंमत

न जुळणारा आकडा लिहून ठेवल्याने काय मिळते, याचे रसायनशास्त्राच्या इतिहासातील उदाहरण प्रसिद्ध आहे. लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन काढून मिळवलेला नायट्रोजन एका ठरावीक गोलकात भरला, की त्याचे वजन सुमारे २.३१० ग्रॅम भरे. रासायनिक संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनचे त्याच गोलकात सुमारे २.२९९ ग्रॅम भरे. एकेका गटातील वजनांत आपसात तीन-चार मिलिग्रॅमांपलीकडे फरक नव्हता. दोन गटांतला फरक मात्र अकरा मिलिग्रॅमांचा होता.

सुरुवातीच्या प्रयोगांत हा फरक हजारात एक एवढाच होता. रॅले यांनी तो दडवला नाही. १८९२ साली ‘नेचर’मध्ये पत्र लिहून त्यांनी रसायनतज्ज्ञांना त्याचे कारण विचारले आणि प्रयोगाची रीत बदलून तो फरक मुद्दाम दोनशेत एकपर्यंत वाढवून पाहिला. पुढे रॅले आणि विल्यम रॅम्से यांनी १८९४ मध्ये हवेतील एका नव्या वायूची घोषणा केली. तो अरगॉन. १९०४ साली रॅले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅम्से यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

याआधी, १७८५ साली, हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेतील नायट्रोजन विजेच्या ठिणग्यांनी संपवत नेला, तेव्हा एक लहानसा बुडबुडा उरला. तो मूळ नायट्रोजनच्या एकशेवीसाव्या भागाहून जास्त नाही, असे त्यांनी नोंदवून ठेवले. शंभरावर वर्षांनी त्या नोंदीचा अर्थ लागला. ‘एवढे चालायचेच’ म्हणून कॅव्हेंडिश यांनी शून्य लिहिले असते, तर त्यांना दोष कोणी दिला असता?

आपले सर्व विद्यार्थी काही रॅले होणार नाहीत, हे खरे. पण त्यांच्यातले कित्येक साखर कारखान्यात, औषधांच्या कारखान्यात, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतील. पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला १.० मिलिग्रॅम आहे. पाण्याची दुसरी सोय नसेल तर १.५. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील कित्येक गावांत विहिरी आणि हातपंपांचे पाणी याच कसोटीवर तपासले जाते. तिथे एकदा १.४ आणि एकदा १.६ असे वाचन आले, तर ‘दोन्हीकडे १.४ लिहू’ म्हणणारा तंत्रज्ञ आपल्याला हवा आहे का? वाचन जुळवून लिहिण्याची सवय त्याला नोकरीत लागत नाही. ती अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत लागते.

करता येण्याजोगे

तास अपुरे असतात, वर्ग मोठे असतात आणि परीक्षेत अपेक्षित उत्तराच्या जवळ जाण्याला गुण असतात, असे शिक्षक म्हणतात. यातील शेवटची अडचण सर्वांत खरी आहे. बरोबर आकड्याला गुण दिले, तर बरोबर आकडाच लिहिला जाणार. म्हणून नोंदी आणि उत्तर यांचा मेळ बसतो का, याला गुण असावेत, असे आमचे मत आहे. तो बदल होईपर्यंतही पुढील गोष्टी कोणालाही करता येतील :

१. ब्युरेटचे वाचन दोन दशांश स्थळांपर्यंत लिहावे. शेवटचा अंक ० किंवा ५. परमँगनेट गडद असल्याने द्रावणाच्या पृष्ठभागाची वरची कड वाचावी, पण दोन्ही वेळा तीच.

२. ‘स्थिर वाचन’ हा रकाना काढून ‘सरासरी’ आणि ‘सर्वांत मोठ्या व लहान वाचनांतील फरक’ असे दोन रकाने करावेत.

३. साऱ्या वर्गाची वाचने नावे न घालता फळ्यावर मांडावीत. आकड्यांचा पसरट डोंगर दिसला, की वेगळी वाचने येणे स्वाभाविक आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

४. वर्षातून एकदा पिपेटमधून सोडलेले पाणी तोलून पाहावे. ३० अंश सेल्सिअसला १० मिलि पाणी सुमारे ९.९५ ग्रॅम भरते. कोणती पिपेट कमी देते हे यातून कळते.

५. गणिताच्या मधल्या पायऱ्यांत अंक खुशाल जास्त ठेवावेत. शेवटी मात्र ‘यातला कोणता अंक ब्युरेटने दिला?’ असे विचारूनच उत्तर लिहावे. सार्थक अंक मोजणे हा आणखी एक कोरडा विधी होऊ देऊ नये.

हे केल्यावर पहिल्या महिन्यात वह्या पूर्वीपेक्षा अव्यवस्थित दिसतील, उत्तरे विखुरलेली येतील. तेव्हा ‘जुळत नाही, पुन्हा कर’ हे शब्द ओठांवर येतील. ते आवरून ‘किती फरक आहे आणि कशामुळे असेल?’ एवढे विचारावे. त्यावर विद्यार्थी काय सांगतात, ते आम्हाला अवश्य कळवावे.